डोहात सोडलेले जीव

प्रभावतीकाकूंच्या तोंडाला लागू नये, ही अक्कल चिंचदोणीतल्या माणसाला बाराखडीच्या आधी येते. बाई मुंगीला धक्का लावायच्या नाहीत, पाणी दोनदा गाळून प्यायच्या, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळ्या व्हायच्या. पण एखाद्याची खरडपट्टी काढायला लागल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, यापेक्षा चार फटके परवडले. अहिंसेचं व्रत त्यांनी हाताला लावून घेतलं होतं, जिभेला नाही.

तर त्या साली महावीर जयंतीला, बस्तीतला, म्हणजे जैन देवळातला, अभिषेक आटोपून काकू वारणेकाठच्या आपल्या मळ्याकडं निघाल्या. पुतण्या सम्मेद टेंपो चालवत होता आणि मागं निळा ड्रम होता. ड्रमात सांगलीच्या मासळी बाजारातून विकत घेतलेले जिवंत मासे. ते डोहात सोडायचे, त्यांना जीवदान द्यायचं, हा काकूंचा तीन वर्षांचा नेम. मळ्याच्या खालच्या अंगाला गावचा ओढा वारणेला मिळतो आणि तिथंच तो डोह आहे. सातबाऱ्यावर तो कुणाच्याच नावावर नव्हता, पण तो काकूंचा आहे यावर गावात कधी वाद झाला नव्हता.

टेंपो बांधावर थांबला आणि काकूंना डोहाच्या कातळावर तीन माणसं दिसली. तिघांच्या हातात गळाच्या लांब काठ्या. आजच्या दिवशी!

काकू पदर खोचून तशाच खाली उतरल्या.

"उठा! उठा म्हंते न्हवं? आज दिवस कोणता, आणि काय करालाय काय इथं?"

तिघांतला मोठा होता नाथाजी हवालदार. कोयनानगरकडचा, फौजेतून पेन्शनीत आलेला, वाळक्या अंगाचा गडी. फौजेत असताना पहाडातल्या नद्यांवर साहेबांच्या संगतीनं गळाचा नाद लागला, तो सुटला नाही. दरवर्षी जोडीदार घेऊन कऱ्हाडवरून मोटारसायकल हाणत तो या डोहावर यायचा. काकू आणि तो एकमेकांना चौदा वर्षं ओळखत होते, आणि चौदा वर्षांत एकदाही नीट बोलले नव्हते.

"रामराम, अक्का. आज सुट्टी हाय म्हणून आलो."

"सुट्टी कुणाच्या नावाची हाय ते ठावं हाय का? ज्यांच्या नावानं सुट्टी घेतलीसा त्यांच्या नावानं जीव वाचवायचा असतोय. आन् तुमी टोचाय बसलाय!"

नाथाजी गुडघाभर पाण्यात होता. त्याच्या ओल्या हातात पाण्याखालीच एक खडशी होती. खडशी म्हणजे शहरातले लोक ज्याला महाशीर म्हणतात तो मासा. हातभर लांब, रुपयाएवढे पितळी खवले. एका जोडीदारानं तिच्या पाठीवरच्या पराला बारीक पिवळा दोरा ओवला, नाथाजीनं हात उघडला आणि ती सळकन आत गेली.

"सोडली बघा, अक्का. आमी मारत न्हाई. दोरा लावायचा, वहीत लिवायचं आणि सोडायचं."

"तोंडात काटा घालायचा आणि मग सोडायचं. मी तुमच्या गालातनं दाभण घालते आणि सोडते, चालंल का?"

जोडीदार हसले. नाथाजी हसला नाही. त्यानं गळ तळहातावर ठेवून पुढं केला. माशाचं तोंड फाटू नये म्हणून त्याचा उलटा काटा कानशीनं घासून साफ केलेला होता. काकूंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"मोजायचंय न्हवं तुमाला? मग डोळ्यानं मोजा की."

"डोळ्याला दिसाय उरल्या तर मोजू. पाच सालामागं दोन दिवसांत चाळीस लागल्या हुत्या. मागल्या साली अकरा. आज सकाळधरनं ही तिसरी. चढण तुटत आलीया, अक्का."

चढण म्हणजे काय ते काकूंना सांगायची गरज नव्हती. आषाढात ओढ्याला लोंढा आला की खडश्या वारणेतून वर ओढ्यात चढतात, गोट्यांवर अंडी घालतात आणि परत फिरतात. पिलं वाहत खाली येऊन या डोहात वाढतात. काकू लग्न होऊन आल्या त्या साली चढण एवढी होती की ओढा ओलांडताना पायाला मासे लागायचे.

"तुटणारच. दरसाली खाटीक येऊन बसल्यावर काय हुतंय दुसरं?"

"खाटीक म्हणू नगा." नाथाजीचा आवाज पहिल्यांदा चढला. "चढणीच्या दिवसांत आमी गळ घरी ठेवून येतोय. ओढ्याच्या तोंडाला नुसतं भिजत बसतोय, कुणी जाळं लावू नये म्हणून. चौदा सालं."

"कुणी सांगितलंय बसाय?"

"कुणी न्हाई."

"मग उपकार कशाला सांगतासा? आमच्यात म्हंत्यात, करणारा, करवणारा आणि बरं केलं म्हणणारा, तिघांचं पाप सारखं. तुमी तिघं हायसा. घ्या वाटून."

तिघांनी काठ्यांचे सांधे सोडून त्या पिशवीत घातल्या. मोटारसायकलींचा आवाज पार विरेपर्यंत काकूंनी सम्मेदला ड्रमाचं झाकण काढू दिलं नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांदेखत जीव सोडू नये, असं त्यांचं मत होतं.

मग सम्मेदनं ड्रम पाण्यात कलता केला. काळे, गुळगुळीत, मिशीवाले मासे एकामागून एक बाहेर पडले आणि सरसर तळाला गेले. एकही मेला नव्हता. काकूंनी हात जोडून णमोकार मंत्र म्हटला आणि त्यांचे डोळे भरून आले.

सुरुवातीच्या साली ड्रमात असे काळे मासे नव्हते. काकूंचे यजमान सन्मतीअण्णा तीन वर्षांमागं छातीत कळ येऊन गेले. त्यांचा रोजचा नेम होता, दिवस कलला की चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन कातळावर बसायचं आणि हाक मारायची, "या रं, लेकरांनो." खडश्या यायच्या आणि त्यांच्या बोटांतून चुरमुरे घ्यायच्या. खडशीच्या जबड्याला दात नसतात, बोटाला नुसत्या गुदगुल्या होतात. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं अण्णा ती हाक मारायचे तेव्हा काकू तिथून उठून जायच्या. दवाखान्यात शेवटचं बोलणं झालं तेही तेच: "डोहातल्यास्नी उपाशी ठेवू नको." अण्णांचं मागं राहिलेलं काय म्हणाल तर त्या खडश्या. काकूंना जगात दुसरं काही राखायचं नव्हतं.

पहिल्या साली अण्णांच्या नावानं सोडायला रोहू-कटला आणले. वाटेत आष्टा गाव यायच्या आत निम्मे ड्रमात उलटे झाले आणि काकूंनी प्रायश्चित्त म्हणून दोन दिवस अन्न सोडलं. तेव्हा बाजारातला विकणारा म्हणाला, "हा काळा मांगूर न्या की काकू. बिनपाण्याचा दोन दिस ऱ्हातोय, मरायचा न्हाई." काकूंना वाटलं, देवानंच वाट दाखवली. तेव्हापासून ड्रमात फक्त मांगूर. जो मरत नाही तो सोडावा, यात चूक आहे असं कुणाला वाटेल?

महिन्याभरातच, एक मेच्या ग्रामसभेत काकू उभ्या राहिल्या. सरपंच हंबीरराव मोहिते रविवारी माशाची कढी खाणारा माणूस, त्याला डोहाशी काही देणंघेणं नव्हतं. पण काकू उभ्या राहिल्यावर बसा म्हणायची त्याची छाती नव्हती. ठराव झाला. कातळावर पत्र्याचा बोर्ड लागला: येथे गळ टाकण्यास सक्त मनाई आहे.

नाथाजी मे अखेरीस एकटाच आला. बोर्ड वाचला. काकू बांधावर वैरण कापत होत्या.

"अक्का, बोर्डाला डोळं नसत्यात."

"मला हायत की. चालू पडा."

तो गेला आणि आलाच नाही. काकूंना जिंकल्याचा एवढा आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी सम्मेदला शिरा करून घातला.

आषाढात ओढ्याला लोंढा आला. तिसऱ्या दिवशी दिवस उजाडता उजाडता काकू मळ्यात गेल्या, तर ओढ्याच्या तोंडाला या काठापासून त्या काठापर्यंत जाळं. पलीकडच्या गावचे चौघंजण रबरी ट्यूबवर बसून ते ओढत होते.

"ए! बोर्ड दिसत न्हाई व्हय रं मुडद्यांनो?"

"दिसतोय की आज्जे," एकजण ओरडला. "गळाला बंदी हाय. जाळ्याला कुठं हाय?"

चौघं खदखदून हसले. काकूंनी दगड उचलले. बाईनं जन्मात कुणावर दगड उगारला नव्हता, त्यामुळं एकही लागला नाही. मग हातातला विळा घेऊन त्या कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या आणि जाळ्याचा दोर कापला. शिव्या देत ती माणसं पलीकडं गेली. फाटक्या जाळ्यात एक खडशी होती, पोट अंड्यांनी फुगलेलं, परात पिवळा दोरा. काकूंनी तिला सोडवलं आणि दोन्ही हातांनी लांब फेकलं. "जा, माझे बाई, जा."

ती गेली नाही. पोट वर करून पाण्यावर फिरत फिरत, काकूंच्या डोळ्यांसमोर वारणेच्या लोंढ्यात नाहीशी झाली. काकूंना कळेना, आपलं काय चुकलं. सोडली तर होती.

पलीकडचे पुन्हा चारदा आले. काकूंनी ओरडून घसा बसवून घेतला, सम्मेदला उभं केलं, हंबीररावाला शिव्या घातल्या. चौदा वर्षं ओढ्याच्या तोंडाला जाळं का लागलं नव्हतं, हे त्यांना आता नीट कळलं होतं, पण ते तोंडानं म्हणायला त्या तयार नव्हत्या. चुकून एक-दोन जोड्या वर चढल्या असाव्यात, कारण नवरात्रात डोहाच्या कडेला उथळ पाण्यात पिलं दिसली. बोटाएवढी, अंगावर सोनेरी झाक. काकूंनी सगळ्या गावाला बोलावून दाखवली. "बघा! गळ बंद केला आणि लेकरं आली."

दिवाळीला कडेच्या पाण्यात एक पिलू दिसेना.

काकू रोज कलत्या दिवसाला चुरमुरे घेऊन बसत आणि अण्णांची हाक मारत. खडश्या येईनाशा झाल्या होत्या. यायची ती काळी, रुंद तोंडं. कातळाखालच्या कपारीतून निघून ती काकूंच्या पायापाशी दाटी करायची. एकदा एकानं चुरमुऱ्यासकट बोट धरलं आणि रक्त काढलं. काकूंनी बोट चोखलं आणि स्वतःची समजूत घातली, की भुकेला जीव आहे.

कार्तिकात सम्मेद पळत घरी आला. "काकू, हवालदार डोहावर बसलाय. चार दिस झालं, सकाळचा येऊन दुपारी जातोय म्हनं."

काकूंनी पायात चपलाही घातल्या नाहीत. वाटेत हंबीररावाला त्याच्या बैठकीतून उठवलं. "चला सरपंच. बोर्ड तुमी लावलाय, आता खटला बी तुमीच करा."

नाथाजी कातळावर पाठमोरा बसला होता. या तिघांची चाहूल लागली तरी उठला नाही.

"आज हातात सापडलासा," काकू म्हणाल्या. "सरपंच, घ्या ह्यांच्या काठ्या. चोरासारखं येऊन बसल्यात!"

"काठ्या घ्या न्हाईतर मला आत घाला," नाथाजी म्हणाला. "पर आधी हे बघा."

त्याच्या शेजारी दगडावर एक मांगूर पडला होता. मांडीएवढा. अजून मिशा हलवत होता. नाथाजीनं खिशातला चाकू काढला. काकूंनी तोंड फिरवलं, पण कान फिरवता येत नाहीत. चाकूचा करकर आवाज आला आणि मग हंबीररावाचं "अरं देवा."

काकूंनी बघितलं. दगडावर, रक्तात, खडशीची सात पिलं ओळीनं मांडलेली होती. दोन तर अजून आख्खी होती, खवल्यांवरची सोनेरी झाक तशीच.

"ह्यो भाईरचा मासा हाय," नाथाजी म्हणाला. "सरकारनं बंदी घातलीया ह्याला. खाटकाच्या घाणीवर वाढवत्यात. चिखलात जगतोय, बिनपाण्याचा जगतोय, आणि पाण्यात जे हाय ते समदं खातोय. वारणेत कवा नव्हता. कुणीतरी आणून सोडलाय आणि एकदा न्हाई, सालोसाल सोडलाय. ज्यानं सोडलं त्या भडव्याला मी सोडणार न्हाई."

सम्मेद स्वतःच्या चपलांकडं बघत होता. ड्रमाची गोष्ट चिंचदोणीत जीवदान म्हणून सगळ्यांना माहीत होती, पण ड्रमात कुठला मासा असतो ते काकू आणि सम्मेद सोडून कुणी बघितलं नव्हतं. काकू गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती. त्यांना ते कळलं, आणि आपल्याला ते कळलं याचीच त्यांना किळस आली.

"मी सोडल्यात," काकू म्हणाल्या.

नाथाजी उठला.

"तुमी."

"ह्यांच्या नावानं. तीन साल."

"मला खाटीक म्हणालासा." नाथाजीनं हातातला चाकू दगडावर टाकला. "चौदा साल मी एक खडशी मारली न्हाई. आन् तुमी हात जोडून समदा डोह मारलासा. नवऱ्याच्या नावानं!"

"हवालदार, बास," हंबीरराव म्हणाला.

"बोलू द्या त्यास्नी," काकू म्हणाल्या. "पुढं काय करायचं ते बी बोलू द्या."

पुढचं सोपं नव्हतं. जाळं टाकलं तर उरलेल्या खडश्याही त्यात मरणार. डोह काही उपसता येत नाही. मांगूर एकेक करून गळानंच काढावा लागणार, तोही पुढच्या चढणीच्या आत, आणि काढलेला मारावाच लागणार, कारण तो कुठंही सोडला तर तिथलंही हेच होणार. आणि मुख्य अडचण वेगळीच होती. "दिसाचा ह्यो कपारीतनं निघत न्हाई," नाथाजी म्हणाला. "चार दिस बसलो तवा ह्यो एक घावला. अशानं दहा सालं लागतील. तवर खडशी संपली."

काकूंना माहीत होतं, ते कशाला निघतात.

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बस्तीत गेल्या आणि मूर्तीसमोर तासभर बसल्या. मुनीमहाराज चातुर्मास आटोपून विहाराला निघण्याच्या तयारीत पलीकडच्या खोलीत होते. त्यांना विचारावं असं दोनदा मनात आलं. पण विचारलं तर महाराजांना उत्तर द्यावं लागेल, आणि हो म्हणाले काय, नाही म्हणाले काय, त्या उत्तराच्या मागं आपल्याला लपता येईल, हे काकूंना नको होतं. त्या न विचारताच उठल्या.

दुपार कलल्यावर त्या डोहावर आल्या तेव्हा हातात चुरमुऱ्यांची पिशवी होती. नाथाजी आणि त्याचे दोघं जोडीदार आलेले होते. काकूंनी कुणाला रामराम घातला नाही. बोर्डाचा खांब दोन्ही हातांनी धरून हलवला, सम्मेद मदतीला आला त्याला ढकलून दिलं, आणि तो उपटून बांधावर आडवा टाकला. मग घोटाभर पाण्यात उतरून अण्णांच्या जागी उभ्या राहिल्या.

"गळ तयार ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याशी बोलू नगा."

मूठभर चुरमुरे पाण्यावर पसरले. काकूंनी हाक मारली. कातळाखालून काळ्या सावल्या निघाल्या आणि रोजच्या सवयीनं त्यांच्या पायापाशी आल्या. त्यांना ती हाक म्हणजे अन्न एवढंच माहीत होतं.

"टाका," काकू म्हणाल्या.

पहिला बाहेर आला, दगडावर आपटला गेला, गप्प झाला. दुसरा. तिसरा. काकूंनी तोंड फिरवलं नाही. चौथ्या वेळी काठी वेगळीच वाकली. नाथाजी घाईघाईनं पाण्यात शिरला. खडशी होती. त्यानं हात ओले केले, गळ अलगद काढला, पण तिला टाकून दिलं नाही. वाहत्या धारेकडं तोंड करून तिला दोन्ही हातांत नुसती धरून उभा राहिला. तिचे कल्ले हलायला लागले, शेपूट हललं, आणि मग ती आपणहून त्याच्या हातातून गेली.

काकूंना आषाढातली ती आठवली, पोट वर करून वाहत गेलेली. एवढंच करायचं होतं. धरून ठेवायचं होतं.

नाथाजीनं त्यांचं तोंड बघितलं आणि त्याचा राग जरा उतरला असावा. "अक्का," तो म्हणाला, "तुमी घरला जावा. चुरमुरं सम्मेद टाकंल. ह्यातलं पाप माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या, मारतोय मी."

काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला.

"तुमचं तुमच्याजवळ ठेवा, हवालदार. करवणारी मी हाय. बरं केलं म्हणणारी बी मीच. माझ्यातलं कुणाला द्यायचं न्हाई मला."

त्यांनी पिशवीत हात घातला, मूठ भरली, पाण्यावर पसरली आणि अण्णांच्या सुरात हाक मारली.

"या रं, लेकरांनो."

ती काळी, रुंद तोंडं आली.